बावखलाकाठची आजी

मर्तिकाच्या प्रवचनाचा एक ठरलेला साचा आम्हां धर्मगुरूंच्या जिभेवर बसलेला असतो. दिवंगत व्यक्ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, प्रार्थनाशील होती. तिने मुलांवर चांगले संस्कार केले. प्रभू तिला चिरशांती देवो. ह्यांतले काही खोटे नसते. परंतु वर्षाकाठी तीस-चाळीस मर्तिके करणाऱ्या माणसाला हळूहळू जाणवू लागते की, ह्या शब्दांखाली सगळी माणसे एकसारखी दिसू लागली आहेत, आणि आपण ज्याला मूठमाती देत आहोत तो नेमका कोण होता, हे शवपेटीबरोबरच खाली जात आहे. ज्या मातेविषयी आज लिहावयाचे योजले आहे, तिच्या मर्तिकात प्रवचन झालेच नाही. एप्रिल २०२१ चे ते दिवस होते. अंत्यविधीस वीसच माणसे, असा शासनाचा नियम होता, आणि सारे काही घाईने उरकावे लागले. जे त्या दिवशी बोलावयाचे राहिले, ते तेव्हापासून आमच्याजवळ पडून आहे.

आजींचे नाव येथे देत नाही. घरच्यांची तशी विनंती आहे, आणि खुद्द आजींनाही ते छापून आलेले आवडले नसते. छापील कागद म्हटला की त्यांना तलाठ्याची नोटीस आठवत असे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामध्ये, नारळी-केळींच्या वाड्यांत जी जुनी गावे आहेत, त्यांपैकी एका गावच्या त्या. २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे आम्ही तेथे प्रमुख धर्मगुरू होतो. आम्ही गेलो तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. जन्म १९२६ चा. अंगावर लाल लुगडे, पाठ वाकलेली, कानांच्या पाळ्या दागिन्यांच्या भाराने लोंबलेल्या. दागिने मात्र केव्हाच मुलींच्या लग्नांत गेलेले. कुपारी समाजाची जुनी बोली त्यांच्या तोंडी होती. ती छापील अक्षरांत नीट उतरत नाही, म्हणून त्यांचे बोलणे आम्ही प्रमाण मराठीत देत आहोत. त्यात पुष्कळ चव जाते, ह्याची जाणीव आहे.

सतराव्या वर्षी, १९४३ साली, लग्न होऊन त्या ह्या घरी आल्या. मिस्सा त्या काळी लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे, आणि भाविक मागे आपापली जपमाळ ओढीत बसलेले. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता कम्युनियन घ्यावयाचे, असा दंडक होता. पुढे पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली आणि १९५७ मध्ये हा उपवास तीन तासांवर आणला. पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये तो एका तासावर आणला. आजींनी ह्यांपैकी एकही सवलत घेतली नाही. आम्ही त्यांना एकदा समजावले की, आजाऱ्यांना आणि वृद्धांना तर तो एक तासही लागू नाही, ख्रिस्तसभेनेच तशी मोकळीक दिली आहे. त्या म्हणाल्या, "फादर, पोपसाहेबांनी मोकळीक दिली ती ज्यांना भूक लागते त्यांना." ह्याचे उत्तर आम्हांला सेमिनरीत शिकवलेले नव्हते.

मात्र त्या जुन्याला कवटाळून बसणाऱ्या होत्या, असे कोणी समजू नये. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि त्यानंतर आपली मिस्सा मराठीत होऊ लागली. तेव्हा गावातल्या काही कर्त्या पुरुषांना ते रुचले नव्हते. देवाची भाषा बाजारात आणली, अशी कुरकुर झाली, असे आजी सांगत. त्यांना स्वतःला काय वाटले, असे आम्ही विचारले. "तोवर मला वाटायचे, फादर देवाशी काहीतरी खाजगी बोलत आहेत. त्या दिवशी कळले की त्या बोलण्यात आम्हीही होतो." उपासनेच्या नवीकरणावर आम्ही पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. इतक्या थोड्या शब्दांत ते कोठे सापडले नाही.

१९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेससाठी आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आजीही गेल्या होत्या. "काय पाहिले?" "गर्दी पाहिली. लांब एक पांढरा ठिपका दिसला. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. येताना मुलांसाठी बिस्किटे आणली." त्या दिवशीही त्या दादरला फुले विकूनच पुढे गेल्या होत्या, कारण घरात तेव्हा कमावणारे दुसरे कोणी नव्हते.

पती १९६१ साली गेले. मागे सात मुले, असे आजी सांगत. वास्तविक त्यांतला एक मुलगा घटसर्पाने आधीच गेला होता. जिवंत दोन मुलगे आणि चार मुली. परंतु किती मुले, असे कोणीही विचारले की आजींचे उत्तर ठरलेले असे: सात. सरकारी खानेसुमारीच्या माणसालाही त्यांनी एकदा सातच सांगितली, आणि त्याने यादी करताना सहाच भरतात म्हटल्यावर त्याच्यावर रागावल्या.

ह्या सहांना त्यांनी कसे वाढवले, हे सांगण्यासाठी बावखलाकडे वळले पाहिजे. वसईकरांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु हे त्रैमासिक पुण्या-नाशिकच्या घरांतही जाते, म्हणून दोन शब्द. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे मोठे तळे. पावसाळ्याचे पाणी त्यात साठते, हळूहळू मुरते, विहिरींना पाझर देते, आणि समुद्राकडून जमिनीखालून सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. पूर्वी काठावर रहाट असे. जनावर गोल फिरे, पोहरे भरून येत आणि पाटाने पाणी केळींना, पानवेलींना, भाजीच्या वाफ्यांना जाई. आजी पहाटे रहाट सुरू करून देत, थोरल्या मुलीला त्यावर बसवत, आणि मोगऱ्याची, चाफ्याची टोपली डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलला धावत. फुले दादरला, भाजी पार्ल्याच्या घरांत दारोदार. दुपारी परत, मग गुरांचे, मुलांचे, शेणगोठ्याचे. वसईच्या शेकडो बायांनी हेच आयुष्य काढले आहे. ह्या समाजातून पुढे जे शिक्षक, परिचारिका, धर्मगुरू आणि धर्मभगिनी निघाल्या, त्यांच्या शिक्षणाचा खर्च ह्या टोपल्यांनी वाहिला. त्या टोपल्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, हे आम्हांला खटकते.

पती वारल्यावर वारसनोंदीचा प्रश्न आला. दिराचे म्हणणे, मुलग्यांचीच नावे चढवावी. मुली काय, उद्या परक्या घरी जाणार. त्या वेळी गावात असलेल्या फादरांनी आजींना कायदा समजावून सांगितला. आपणां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि त्याला मुले असली, तर एक-तृतीयांश विधवेचा. उरलेल्या दोन-तृतीयांशांत सर्व मुलांचा सारखा वाटा, मग तो मुलगा असो वा मुलगी. आजींना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु एवढा हिशेब त्यांनी पक्का डोक्यात धरला. तलाठ्याच्या ओट्यावर दोन दिवस बसून त्यांनी सहाही मुलांची नावे सातबाऱ्यावर चढवून घेतली. सातवे नाव तेवढे चढले नाही.

आमच्या समाजात ह्या कायद्याचे पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. मुलगी लग्न होऊन गेली की एक दिवस भाऊ साडी घेऊन येतो, सोबत हक्कसोडपत्र असते. भावाचे मन कशाला दुखवावयाचे, माहेरचे दार उघडे राहिले पाहिजे, असे म्हणत बहीण सही करते. आम्ही ह्यावर देवळात बोललो आहोत आणि त्यावरून दोन कुटुंबांनी आमच्याशी बोलणेही सोडले होते. असो. साडीच्या मोलात बहिणीचा वाटा घेणाऱ्याने पुढच्या बाकावर बसून मोठ्याने गाणी म्हणावी, हे आमच्या पचनी पडत नाही, आणि पडूही नये.

ह्या घरात तो दिवस २०१२ साली आला. थोरल्याने सही मागितली, आणि त्याबरोबर बावखल बुजवण्याचीही परवानगी मागितली. कारण बिल्डरला वाडीतून रस्ता हवा होता आणि मध्ये बावखल आडवे होते. थोरल्याचीही एक बाजू होती, ती सांगितली पाहिजे. बागायतीवर घर चालत नाही हे खरे आहे. टँकरवाल्यांनी रात्रंदिवस विहिरी उपसल्याने आसपासचे पाणी मचूळ झाले, पानमळे गेले, मजूर मिळेना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा हाच थोरला आईला घेऊन मोर्चात चालला होता. पंचवीस वर्षांनी तोच माणूस बिल्डरच्या कचेरीत बसला, तो काही लोभाने आंधळा होऊन नव्हे. नातवाला कॅनडाला पाठवावयाचे होते, मुलाच्या डोक्यावर कर्ज होते. धाकट्याने नकार दिला. तो नकारही केवळ तत्त्वासाठी होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्याची म्हैस बावखलावर पाणी पीत असे. लग्न झालेल्या तिघी बहिणी सही करावयास तयार होत्या. मठात गेलेल्या चौथीच्या वाट्याचा प्रश्न वेगळा, त्यात येथे शिरत नाही.

आजींनी तिघींना घरी बोलावले आणि सांगितले की, मी जिवंत असेतो कोणीही कागदावर सही करावयाची नाही. स्वतःचा तिसरा हिस्सा तर त्यांनी सोडलाच नाही, आणि बावखल त्यांत येते असे त्यांचे म्हणणे. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एका आवारात दोन घरे, मध्ये आजींची खोली. थोरला आईशीही बोलत नसे. जेवणाचे ताट मात्र त्याच्या घरून ठरल्या वारी येई. सून आणून देई.

आम्ही तेथे गेलो तेव्हा ह्या अबोल्याला तीन वर्षे झाली होती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी पडून असलेल्यांना आम्ही कम्युनियन देत असू. आजी त्या यादीत पहिल्या, कारण त्यांचे घर देवळापासून जवळ. २०१७ च्या मार्चमधला, उपवासकाळातला पहिला शुक्रवार होता. मेणबत्ती लावलेली, पांढरा रुमाल अंथरलेला, आजी भिंतीला टेकून बसलेल्या. प्रार्थना झाली. आम्ही ख्रिस्तशरीर हाती घेतले तेव्हा त्यांनी ओठ मिटून मान हलवली.

"आज नको, फादर."

आम्हांला वाटले, तब्येत बरी नसेल. विचारले, तर म्हणाल्या, "घरात तंटा आहे. अर्पण घेऊन येताना भावाची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे ना? गेल्या रविवारी तुम्हीच बोललात." मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले आमचे प्रवचन नातवाने त्यांना ऐकवले होते. धर्मगुरूला आपले प्रवचन कोणी इतके मनावर घेईल, ह्याची सवय नसते.

आम्ही सांगितले की, आजी, तंटा तुमच्या मुलांचा आहे, तुमचा नाही. तुमच्या मनात कोणाविषयी कडवटपणा नसेल तर तुम्हांला काही आडकाठी नाही. शास्त्र तेच सांगते आणि आम्ही ते बरोबरच सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटची आहेत ती. त्यांचा तंटा माझा नाही तर कोणाचा? ते दोघे ह्या खोलीत एकत्र येतील, तेव्हा मी घेईन." आम्ही ख्रिस्तशरीर डबीत परत ठेवले आणि पुढच्या घरी गेलो. सत्तर वर्षांहून अधिक काळ मध्यरात्रीपासून उपाशी राहून कम्युनियन घेणारी बाई, आणि तिने ते नाकारले. ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली.

एप्रिलमध्ये तेच. मे महिन्यात धाकटा येऊन आईच्या पायांशी बसला. थोरला आला नाही, म्हणून आजींनी पुन्हा नाही म्हटले. पास्काच्या सणालाही त्यांनी कम्युनियन घेतले नाही. ख्रिस्तसभेचा नियम असा की, पास्काच्या काळात वर्षातून एकदा तरी घ्यावे. आम्ही त्याची आठवण दिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण निश्चय ढळला नाही. गावातल्या बायका थोरल्याच्या सुनेला विहिरीवर, बसमध्ये विचारू लागल्या, म्हातारीला उपाशी ठेवले का गं तुम्ही? उपाशी ह्याचा अर्थ सर्वांना कळत होता. आम्ही स्वतः थोरल्याकडे दोनदा गेलो. चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी तो आला. खोलीत शिरला नाही. दारात उभा राहिला, पायांत चप्पल तशीच, तोंड अर्धे अंगणाकडे. पश्चात्तापाने आला असे आम्हांला वाटले नाही. लोकांच्या बोलण्याला कंटाळून आला होता. धाकटा आत बसलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेही नाही. आम्ही मनात म्हटले, ह्याला समेट म्हणता येणार नाही, आजी आजही नाकारणार. आजींनी दाराकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि तोंड उघडले.

नंतर आम्ही त्यांना विचारले, "आजी, हे पुरले का?" म्हणाल्या, "उंबऱ्यापर्यंत आला. पुढचे देवाने बघावे, मी किती बघू?"

पुढचे एकदम काही घडले नाही. दोघे भाऊ पंपाच्या वेळांपुरते बोलू लागले. सकाळी कोणी, संध्याकाळी कोणी, एवढेच. २०१८ च्या जुलैत वसईत तो मोठा पाऊस झाला. रेल्वे बंद, वीज नाही, रस्त्यांवर कमरेएवढे पाणी. ज्या वाड्यांतली बावखले बुजवली होती, तेथे पाण्याला जावयास जागाच राहिली नव्हती. नव्या इमारतींच्या तळमजल्यांत ते शिरले. आजींच्या आवारात पाणी अंगणाच्या पायरीला लागले आणि तेथून बावखलाकडे वळले. थोरल्याने त्या रात्री शेजारच्या इमारतीतली चार बिऱ्हाडे आपल्या माडीवर आणून ठेवली. सकाळी तो बावखलाच्या काठी बराच वेळ उभा होता, असे धाकट्याने आम्हांला सांगितले. त्या उभे राहण्याचा अर्थ काय लावावा, ते वाचकांनी ठरवावे. थोरला त्यावर कधी बोलला नाही. २०१९ मध्ये वाटणी झाली, ती मात्र कायद्याप्रमाणे झाली. थोरल्याने आपला वाटा विकला. तेथे आता इमारत आहे, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर तो राहतो. बहिणींचे वाटे बहिणींच्या नावावर राहिले. बावखल आजींच्या हिश्शात आले. त्यावर त्यांनी मृत्युपत्र करून अंगठा उमटवला.

आजींच्या घरची सायंकाळची जपमाळ हा आमच्या मते त्या घराचा खरा सातबारा होता. देवळाची घंटा झाली की त्या पाय दुमडून बसत. दूरदर्शन संच बंद झाला पाहिजे, एवढाच त्यांचा हुकूम. कोण येते, कोण नाही, हे त्या मोजत नसत. सगळी रहस्ये, लदीन, सारे तोंडपाठ. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या ऑक्टोबरात जपमाळेला प्रकाशाची पाच रहस्ये जोडली, तेव्हा आजी शहात्तर वर्षांच्या होत्या. नातीकडून वाचून घेऊन त्यांनी तीही पाठ केली आणि गुरुवारी म्हणू लागल्या. त्यांतले कानागावच्या लग्नाचे रहस्य त्यांना विशेष आवडे. "द्राक्षारस संपला, हे मरियेच्याच ध्यानात आले. पुरुष गप्पा मारत बसले होते."

जपमाळ संपली की मृतांची नावे. एकेक नाव आणि त्यासाठी एक प्रार्थना. पहिले नाव घटसर्पाने गेलेल्या मुलाचे, मग पती, मग सासूसासरे, आणि वारसनोंदीला आडवा आलेला तो दीरही. मुलांना ह्या यादीचा कंटाळा येई, भात थंड होई. थोरला लहानपणी एकदा म्हणाला होता, बाय, थोडी माणसे उद्यावर ठेव. आजी हे स्वतः हसत सांगत.

मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली. नातवाने मोबाइलवर मिस्सा लावून दिली. तो फोन त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली ठेवावयास लावला, आणि डोक्यावर पदर घेऊन त्यासमोर बसू लागल्या. नोव्हेंबरात प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा आम्ही त्यांना भेटावयास गेलो. त्यांनी विचारले, "फादर, त्या काचेतून आम्ही तुम्हांला दिसत होतो?" आम्ही म्हटले, "नाही आजी, आमच्यापुढे रिकामी बाके होती." त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "माझ्या जागेवर कोणाला बसू देऊ नका." त्या जागेवर त्यांना बसून तेव्हाच चार वर्षे झाली होती.

एप्रिल २०२१ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, झोपेत त्या गेल्या. त्यांना ती साथ झाली नव्हती. रुग्णाभ्यंग संस्कार आम्ही आधीच्याच आठवड्यात दिला होता. प्रश्न वीस माणसांचा होता. मुले, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे मिळून घरचेच सत्तरावर. वीस कोण, हे ठरवावयास दोघे भाऊ एका टेबलाशी बसले. नऊ वर्षांत एकत्र बसण्याची ती त्यांची पहिली वेळ, असे धाकट्याची सून म्हणाली. गावात असे एकही मर्तिक नव्हते, ज्याला आजी चालत गेल्या नव्हत्या. आणि त्यांच्या मागे चालावयास गावाला बंदी. शवपेटी निघाली तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक ओटीवर बाया उभ्या होत्या, हातात जपमाळ, तोंडाला पदर. कोणी रस्त्यावर उतरले नाही, नियम मोडला नाही. एका ओटीवरची नमो मरिया संपे, तोवर पुढच्या ओटीवरची सुरू होई. घरापासून दफनभूमीपर्यंत ती कोठे तुटली नाही.

टाळेबंदीच्या महिन्यांत कॉलेजात जाणाऱ्या नातीने आजींकडून ती नावांची यादी उतरवून घेतली होती. साधी शाळेची वही. एकसष्ट नावे भरली. त्यांत अर्धीच घरची. एक पार्ल्याच्या कोणा बाईचे आहे, जिच्या ओट्यावर आजी टोपली टेकवून पाणी पीत असत. ती आपल्या धर्माची नव्हती. नातीने विचारले, हिचे नाव कशाला? आजी म्हणाल्या, तिच्या घरी आपली प्रार्थना येत नाही ना कोणाला, म्हणून मी म्हणते. एक एका रेल्वेच्या हमालाचे. शेवटून तिसरे नाव कोणाचे, हे आजींनी सांगितले नाही, आणि नातीनेही तेव्हा विचारले नाही. ते घरात कोणालाही ठाऊक नाही. आम्ही गावातल्या जुन्या माणसांकडे चौकशी केली. उपयोग झाला नाही.

आमची बदली होऊन आता काही वर्षे झाली. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, त्या गावी एका लग्नाच्या बोलणीसाठी जाणे झाले, तेव्हा सायंकाळी आजींच्या घरी डोकावलो. बावखलात पाणी भरपूर होते; खंड्या बसला होता. जपमाळ धाकट्याच्या घरी होते, इमारतीतून थोरला उतरून येतो. भिंतीशी खुर्ची टाकून बसतो, गुडघे वाकत नाहीत. नातसून वही समोर धरून नावे वाचीत होती. शेवटून तिसऱ्या नावाशी ती अडखळली. अक्षर पुसट झाले होते. थोरल्याने डोळे न उघडता ते नाव घेतले, आणि प्रार्थना सुरू केली.